जुनी फाइल उघडली, म्हणजे ती जशीच्या तशी वाचता आली असे नव्हे

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

कार्यालयातील सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायचे ठरते तेव्हा जुन्या फाइलींचे काय होणार, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, की नव्या आवृत्तीत जुन्या फाइली उघडतात. दोन-चार फाइली उघडून पाहिल्या जातात, मजकूर दिसतो आणि विषय तिथेच संपतो. जुने दस्तऐवज लावणे, तपासणे आणि मागेल त्याला त्यांची खात्रीची प्रत देणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे या उत्तरातला अपुरेपणा मला सतत दिसत असतो, म्हणून त्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून सविस्तर लिहावेसे वाटले. फाइल उघडलीच नाही तर निदान काहीतरी अडले आहे एवढे तरी कळते. पण ती उघडली आणि तिच्यातली तारीख, एखादा आकडा, पानाचा क्रमांक किंवा एखादे वाक्य मूळचे राहिले नसले, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. न उघडणाऱ्या फाइलींपेक्षा अशा निमूटपणे बदलून उघडणाऱ्या फाइलींची मला अधिक चिंता वाटते.

पत्रावरच्या तारखेचेच पाहा. वर्डमध्ये तारीख घालण्यासाठी जी चौकट उघडते तिच्यात तारीख आपोआप बदलत राहावी यासाठी खूण करण्याची सोय असते. ती खूण केली, की कागदावर तारीख दिसते खरी, पण फाइलमध्ये ती अक्षरांच्या रूपात साठवलेली नसते; तिथे फक्त ‘आजची तारीख दाखव’ अशी सूचना असते. ज्या दिवशी पत्र लिहिले, छापले आणि पाठवले त्या दिवशी दोन्हींत काही फरक पडत नाही. काही वर्षांनी तीच फाइल उघडली, की पत्रावर उघडणाऱ्याच्या दिवसाची तारीख येते. मंजुरीची, नकाराची, राजीनाम्याची किंवा मुदतवाढीची अशी पत्रे मी पाहिली आहेत. मजकूर जुना, सही करणारी व्यक्ती केव्हाच निवृत्त झालेली, आणि वर तारीख मात्र आजची. अशा वेळी ऑल्ट आणि एफ-९ या कळा एकत्र दाबल्या, की तारखेच्या जागी मूळ सूचना दिसते आणि ही तारीख विश्वासार्ह नाही हे लगेच कळते. मूळ दिवसाचा अंदाज मग फाइलच्या गुणधर्मांत नोंदलेल्या निर्मितीच्या आणि शेवटच्या सेव्हच्या तारखांवरून करावा लागतो. मात्र कोणी ती फाइल ‘नव्या आवृत्तीत आणतो’ म्हणून उघडून पुन्हा सेव्ह केली असेल, तर शेवटच्या सेव्हची नोंदही आजची होते आणि तो पुरावा हातचा जातो. म्हणून जुनी फाइल प्रथम केवळ वाचण्यापुरती उघडावी, आणि तीही प्रतीवर काम करून, हा माझा आग्रह आहे.

असाच दुसरा प्रकार, जो मला याहूनही गंभीर वाटतो, तो मसुद्यातील दुरुस्त्यांचा आहे. ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू ठेवून केलेल्या दुरुस्त्या कोणी मान्य किंवा अमान्य केल्या नाहीत तर त्या फाइलमध्ये तशाच राहतात. दुरुस्त्या उघडपणे दाखवणाऱ्या दृश्यात खोडलेले शब्द रेघ मारून आणि नवे शब्द रंगाने दिसतात, त्यामुळे मसुदा अजून मसुदाच आहे हे नजरेत भरते. वर्डच्या २०१३ च्या आवृत्तीपासून आलेल्या ‘सिंपल मार्कअप’ या दृश्यात मात्र सर्व दुरुस्त्या मान्य केल्यासारखा स्वच्छ मजकूर दिसतो आणि बदल झालेल्या ओळींच्या बाजूला समासात फक्त एक उभी रेघ असते. ज्याला त्या रेघेचा अर्थ ठाऊक नाही तो हा मजकूर अंतिम समजून वाचतो. एखाद्या कराराच्या मसुद्यात एका पक्षाने सुचवलेली आणि दुसऱ्याने कधीही न स्वीकारलेली अट अशा रीतीने ठरलेल्या अटीसारखी दिसू शकते. फाइलमधले एक अक्षरही बदललेले नसते. तिच्याकडे पाहण्याची पद्धत तेवढी बदललेली असते.

हे असे का होते, हे समजून घेण्यासाठी फाइल म्हणजे नेमके काय साठवलेले असते याकडे पाहावे लागते. वर्डच्या १९९७ ते २००३ या आवृत्तींची ‘डॉक’ फाइल ही त्या प्रोग्रॅमच्या अंतर्गत रचनेशी घट्ट बांधलेली द्विमान (बायनरी), म्हणजे माणसाला थेट न वाचता येणाऱ्या स्वरूपाची फाइल होती. दस्तऐवज सुटसुटीत नोंदवण्यापेक्षा तेव्हाच्या कमी वेगाच्या संगणकांवर तो चटकन उघडावा आणि चटकन सेव्ह व्हावा याला त्या रचनेत महत्त्व होते. ‘फास्ट सेव्ह’ नावाची सोय तर संपूर्ण दस्तऐवज पुन्हा न लिहिता केलेले बदल फाइलच्या शेवटी जोडत असे, त्यामुळे लेखकाने पुसलेला मजकूरही फाइलच्या पोटात राहून जाई. (जुन्या फाइली बाहेर कोणाला देताना हे जरूर लक्षात ठेवावे.) ऑफिस २००७ पासून ‘डॉकएक्स’, ‘एक्सएलएसएक्स’ आणि ‘पीपीटीएक्स’ ही नवी रूपे आली. यांतली प्रत्येक फाइल ही खरे तर एक झिप फाइल असते. ‘डॉकएक्स’ फाइलची प्रत घेऊन तिच्या नावातील शेवटचा भाग बदलून ‘झिप’ केला आणि ती उघडली, तर आत ‘वर्ड’ नावाचे फोल्डर आणि त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल सापडते, आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही तिच्यातला मजकूर खुणांच्या गर्दीतून वाचता येतो. ज्याच्याकडे वर्ड नाही त्यालाही हे शक्य आहे, आणि दस्तऐवज टिकण्याच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा आहे. जुन्या ‘डॉक’, ‘एक्सएलएस’ आणि ‘पीपीटी’ रूपांचे सविस्तर तांत्रिक वर्णन मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले, हेही मान्य केले पाहिजे. पण वर्णन उपलब्ध असणे वेगळे आणि त्याबरहुकूम प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्येक बारकावा सांभाळणे वेगळे.

जुनी फाइल नव्या वर्डमध्ये उघडली, की वरच्या पट्टीत नावापुढे ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ असे दिसते. पुष्कळांना ती दुरुस्त करण्याची चूक वाटते आणि ते ‘कन्व्हर्ट’चे बटण दाबून मोकळे होतात. वास्तविक हा मोड जुन्या मांडणीचे शक्य तितके रक्षण करतो; कन्व्हर्ट केल्यावर दस्तऐवजाची मांडणी बदलू शकते, असा इशारा तेच बटण दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत दिलेला असतो. मांडणी बदलली तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. ज्या अहवालात ‘पान १४ वरील परिच्छेद ३ पाहावा’ असा हवाला आहे, ज्याची अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली आहे, किंवा ज्याचा उतारा दुसऱ्या निर्णयात पानाच्या क्रमांकासह दिलेला आहे, त्या अहवालात एक तक्ता पुढच्या पानावर सरकला तरी पुढचे सारे हवाले चुकतात. फॉन्ट उपलब्ध नसणे हे याचे नेहमीचे कारण. मूळ फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर प्रोग्रॅम त्याच्या जागी दुसरा वापरतो, त्याची अक्षरे किंचित रुंद किंवा अरुंद असतात, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पाने वाढतात किंवा कमी होतात. फॉन्ट बदलल्याची सूचना आपणहून कोणी देत नाही. ती वर्डच्या प्रगत पर्यायांत ‘फॉन्ट सब्स्टिट्यूशन’ या ठिकाणी जाऊन पाहावी लागते.

रोमनखेरीज इतर लिपींतल्या जुन्या दस्तऐवजांच्या बाबतीत हाच फॉन्टचा प्रश्न मांडणीपुरता राहत नाही, तो थेट मजकुरावर येतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, सर्रास वापरात येण्यापूर्वी देवनागरीसाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. अशा फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. ती देवनागरी दिसतात ती केवळ त्या विशिष्ट फॉन्टमुळे. फॉन्ट नसला, की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग येते, आणि फाइल खराब झाली असे समजून ती टाकून दिल्याचीही उदाहरणे आहेत. ती खराब झालेली नसते. अक्षरे निवडून फॉन्टच्या चौकटीत पाहिले तर मूळ फॉन्टचे नाव तिथे बहुधा मिळते, आणि तो फॉन्ट मिळवून बसवला, की मजकूर पुन्हा दिसू लागतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्रॅमही आहेत. त्यांनी केलेले काम मात्र तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप केलेला असे. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते आणि रफाराचा ‘र’ आधी येतो. हा क्रम उलटवताना जोडाक्षरे असलेल्या शब्दांत रूपांतर हमखास अडखळते, आणि अडखळते ते नेमके आडनावांत, गावांच्या नावांत आणि पारिभाषिक शब्दांत, जिथे शब्दकोशाची मदत होत नाही. शिवाय त्याच दस्तऐवजात मधेच एखादा इंग्रजी शब्द किंवा आकडा असेल तर त्याचेही रूपांतर होऊन बसते. अशा मजकुराला प्रूफ वाचणाऱ्या माणसाला पर्याय नाही, आणि त्यासाठी वेळ व पैसा ठेवला पाहिजे हे निर्णय घेणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे.

हिशेबाच्या तक्त्यांत चूक शोधणे आणखी अवघड जाते, कारण चुकीचा आकडाही बरोबर आकड्यासारखाच दिसतो. एक्सेल तारखा साठवते ती दिवसांच्या संख्येच्या रूपात, आणि ही मोजणी कोठून सुरू करायची याच्या दोन पद्धती आहेत. एक १९०० सालापासूनची आणि दुसरी १९०४ पासूनची. दुसरी पद्धत मॅकिंटॉशवरील जुन्या एक्सेलमध्ये प्रचलित होती. दोन्हींत १,४६२ दिवसांचे, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस इतके अंतर आहे. फाइल एकटी उघडली तर एक्सेल त्या फाइलची पद्धत ओळखते आणि तारखा नीट दाखवते. पण त्या तक्त्यातील तारखांचा स्तंभ कॉपी करून दुसऱ्या पद्धतीच्या फाइलमध्ये चिकटवला, की सगळ्या तारखा चार वर्षे एक दिवसाने सरकतात. कोणतीही चूक दाखवली जात नाही. जन्मतारखा, सेवेत रुजू झाल्याच्या तारखा किंवा मुदतठेवीच्या तारखा अशा रीतीने एकत्र केल्या गेल्या असतील, तर परिणाम काय होईल ते सांगायला नको.

जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ स्तंभ मावत. नव्या रूपात १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ मावतात. जागा वाढली ही चांगलीच गोष्ट, पण तिचेही दोन परिणाम ध्यानात घ्यावे लागतात. पहिला परिणाम जुने रूप चालू ठेवण्याचा. इंग्लंडमध्ये २०२० साली करोनाच्या साथीत प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदी पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेत ‘एक्सएलएस’ रूपाच्या तक्त्यांत घेतल्या जात होत्या. ओळींची मर्यादा संपल्यावर पुढच्या नोंदी गळून गेल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. नवे रूप येऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. दुसरा परिणाम बारीक आहे. जुन्या तक्त्यांत सोयीसाठी एखाद्या सेलला ‘टॅक्स’ हा इंग्रजी शब्द आणि त्याला जोडून साल असे नाव दिलेले असे. जुन्या मर्यादेत या अक्षरांचा स्तंभच नव्हता, म्हणून ते नाव चालत होते. नव्या तक्त्यात मात्र टी-ए-एक्स या नावाचा स्तंभ खरोखरच आहे आणि ते नाव त्यातल्या एका सेलचा पत्ता ठरते, म्हणून रूपांतराच्या वेळी एक्सेल अशा नावाआधी एक अधोरेखा जोडते. सूत्रांत हा बदल आपोआप होतो. जिथे ते नाव अवतरणचिन्हांत अक्षरे म्हणून लिहिलेले आहे किंवा मॅक्रोच्या, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करण्यासाठी फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, आत आहे, तिथे तो होत नाही, आणि ते सूत्र भलत्याच सेलकडे पाहू लागते.

याशिवाय, आधीच्या आवृत्तीत सेव्ह केलेला तक्ता नव्या आवृत्तीत उघडला, की एक्सेल सगळी सूत्रे नव्याने मोजते. काहीही न बदलता फाइल बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का’ असे विचारले जाते ते अनेकदा यामुळेच. एक्सेलच्या २००३ आणि २०१० च्या आवृत्तींत सांख्यिकीच्या काही फंक्शनांची गणनपद्धत सुधारली गेली. नवे उत्तर अधिक अचूक असते याबद्दल वाद नाही. पण सही-शिक्क्यानिशी प्रसिद्ध झालेल्या अहवालात जो आकडा छापला गेला तो जुन्या पद्धतीचा होता, आणि उद्या कोणी दोन्ही समोर ठेवले तर फरकाचे स्पष्टीकरण देता आले पाहिजे. म्हणून त्या चौकटीला ‘नको’ म्हणणे आणि आधी छापील प्रतीशी ताळा घेणे हेच योग्य.

काही वेळा जुनी गोष्ट काढून टाकण्यामागे सबळ कारणही असते. वर्डमध्ये गणिती समीकरणे लिहिण्यासाठी अनेक वर्षे ‘इक्वेशन एडिटर ३.०’ वापरात होता. त्यात सुरक्षेच्या गंभीर त्रुटी २०१७ मध्ये उघड झाल्या आणि जानेवारी २०१८ च्या सुरक्षा-अद्यतनाने तो काढून टाकण्यात आला. जुन्या प्रश्नपत्रिका, प्रबंध आणि पाठ्यसाहित्य यांतील त्याने लिहिलेली समीकरणे आजही दिसतात, छापताही येतात. पण त्यातला एक घातांक बदलायचा म्हटले तर ते समीकरण पूर्वीसारखे उघडत नाही. धोकादायक प्रोग्रॅम काढला हे बरोबरच झाले. पण ज्यांच्या कामाचा तो कणा होता त्यांना पुरेसा आधी सावध करण्याची तितकीच गरज होती. मॅक्रोंबाबतही असेच म्हणता येईल. चौसष्ट बिटांच्या ऑफिसमध्ये जुने काही मॅक्रो दुरुस्तीशिवाय चालत नाहीत, इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो बंदच ठेवले जातात, आणि मॅक्रो असलेला तक्ता ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून सेव्ह केला तर ते कायमचे जातात.

आता मुळीच न उघडणाऱ्या फाइलींकडे वळतो. सप्टेंबर २००७ मध्ये आलेल्या ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने (सुधारणांच्या संचाने) सुरक्षेचे कारण देऊन कित्येक जुनी फाइल-रूपे उघडणेच बंद केले होते आणि ती पुन्हा सुरू करण्यासाठी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदींत, हात घालावा लागत होता. वापरणाऱ्यांनी आवाज उठवल्यावर जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने दिलगिरी व्यक्त करून सोपे उपाय उपलब्ध केले. आजच्या आवृत्तींत हीच व्यवस्था ‘ट्रस्ट सेंटर’मधील ‘फाइल ब्लॉक’ या ठिकाणी असते. तिथे वर्ड २, वर्ड ६, वर्ड ९५ अशी रूपे नावानिशी दिलेली असतात, आणि ती संरक्षित दृश्यात उघडू देण्याचा पर्याय तिथेच निवडता येतो. अडचण ही, की पडद्यावर येणारा संदेश सामान्य माणसाला फाइल बिघडल्यासारखा वाटतो, आणि तो इंटरनेटवरून ‘फाइल दुरुस्त करणारा’ एखादा अनोळखी प्रोग्रॅम उतरवून घेतो. ज्या धोक्यापासून वाचवण्यासाठी फाइल अडवली त्याहून मोठा धोका तो स्वतःच्या हाताने आत आणतो. हा संदेश अधिक स्पष्ट शब्दांत लिहिणे कंपन्यांना अवघड नाही.

काही रूपांना तर हा पर्यायही उरलेला नाही. लोटस १-२-३ चे तक्ते एक्सेलने २००७ च्या आवृत्तीपासून उघडणे सोडले. पॉवरपॉइंट ९५ आणि त्याआधीच्या फाइली नव्या पॉवरपॉइंटमध्ये उघडत नाहीत. पब्लिशर हा प्रोग्रॅम ऑक्टोबर २०२६ मध्ये बंद होईल आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीदारांना त्यात फाइली उघडता येणार नाहीत, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. ज्यांची माहितीपत्रके, वार्तापत्रे आणि प्रमाणपत्रांचे नमुने पब्लिशरमध्ये आहेत त्यांनी त्यांच्या पीडीएफ प्रती हाताशी प्रोग्रॅम असतानाच काढून ठेवाव्यात. अशा अडलेल्या फाइलींसाठी लिब्रेऑफिस या मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅमचा मला पुष्कळ उपयोग झाला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ या उपक्रमाखाली वर्डपरफेक्ट, मायक्रोसॉफ्ट वर्क्स, पब्लिशर, व्हिजिओ, क्लॅरिसवर्क्स अशा अनेक रूपांचे वाचक-प्रोग्रॅम एकत्र आले आणि ते लिब्रेऑफिसमध्ये आहेत. मांडणी हुबेहूब येईलच असे नाही, पण मजकूर हाती लागतो. ज्यांनी मूळ रूपाचे वर्णन उपलब्ध नसतानाही केवळ फाइलींचा अभ्यास करून ही वाचनसाधने घडवली, त्या स्वयंसेवकांचे ऋण मानलेच पाहिजे.

फाइल खुल्या प्रमाणित रूपात ठेवली की काळजी मिटली, असे सांगणारेही भेटतात. ओपनडॉक्युमेंट २००६ मध्ये आणि ऑफिस ओपन एक्सएमएल (‘डॉकएक्स’ वगैरे रूपांचे मानक) २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे मानक झाले, आणि दोन्हींचा मी पुरस्कर्ता आहे. मात्र दुसऱ्या मानकाचे ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘ट्रान्झिशनल’ असे दोन प्रकार आहेत, आणि वर्ड सहसा सेव्ह करते तो दुसरा, ज्यात जुन्या आवृत्तींच्या लकबी सांभाळण्यासाठीच्या तरतुदी भरलेल्या आहेत. म्हणून मानकाचे नाव पाहून तपासणी टाळता येत नाही.

माझे म्हणणे असे आहे, की ही तपासणी आवृत्ती बदलण्याच्या निर्णयाचाच भाग असावी आणि जुनी आवृत्ती चालू असतानाच ती पुरी व्हावी. जुना प्रोग्रॅम संगणकावरून काढल्यानंतर मूळ पान कसे दिसत होते याचा साक्षीदारच उरत नाही. तपासणीसाठी फाइली निवडताना साधी पत्रे घेऊन भागत नाही. तळटीपा, तक्ते, समीकरणे, न मिटवलेल्या दुरुस्त्या, दुसऱ्या फाइलशी जोडलेली चित्रे आणि जुने फॉन्ट ज्यांत आहेत अशा फाइली मुद्दाम शोधाव्या लागतात, आणि पडद्यावरचे पान छापील प्रतीशेजारी ठेवून पाहावे लागते. महत्त्वाच्या दस्तऐवजांची जुन्या आवृत्तीतूनच पीडीएफ-ए या रूपात प्रत काढावी. दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये प्रमाणित झालेल्या या रूपात फॉन्ट फाइलच्या आतच असतो, त्यामुळे पान पुढेही तसेच दिसते. पीडीएफमध्ये तक्त्यांची सूत्रे राहत नाहीत, म्हणून मूळ फाइल आणि नव्या रूपातील फाइल या दोन्हीही सोबत हव्यात. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मूळ फाइलीवरच रूपांतर करून ती पुसून टाकणारे घाऊक प्रोग्रॅम वापरू नयेत. आज जे रूपांतर अपुरे आहे ते उद्या अधिक चांगले होऊ शकते, पण त्यासाठी मूळ फाइल शिल्लक असावी लागते.

जुना प्रोग्रॅम चालू ठेवणे अशक्य आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. रोजच्या कामाच्या संगणकावर तो ठेवू नये हे खरेच, कारण त्याला सुरक्षा-अद्यतने मिळत नाहीत. नेटवर्कपासून तोडलेला एक संगणक किंवा आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक, त्यासाठी पुरते. ब्रिटनच्या नॅशनल अर्काइव्ह्जने २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने हाच मार्ग धरला होता. आभासी यंत्रावर विंडोज आणि ऑफिसच्या जुन्या आवृत्ती बसवून त्या-त्या काळच्या फाइली त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये उघडण्याची सोय केली होती. लहान संस्थेलाही हे जमण्यासारखे आहे, मात्र जुन्या प्रोग्रॅमच्या सीडी आणि परवाना-क्रमांक अडगळ म्हणून टाकून दिलेले नसावेत.

सॉफ्टवेअर खरेदीच्या अटींत एक कलम घालावे, अशी माझी संस्थाचालकांना विनंती आहे. एखादे फाइल-रूप उघडण्याची सोय काढून घ्यायची असेल तर विक्रेत्याने त्याची लेखी पूर्वसूचना द्यावी आणि त्या रूपातून बाहेर पडण्यासाठी मोफत साधन द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असावे. एकट्या-दुकट्या ग्राहकाला अशी अट घालता येत नाही. मोठ्या संख्येने परवाने घेणाऱ्यांना घालता येते.

आणखी एक गोष्ट यंत्रांवर अवलंबून नाही. कोणत्या फाइलला पासवर्ड आहे, तो काय आहे, कोणत्या विभागात कोणता फॉन्ट वापरला जात होता, एखाद्या तक्त्यातला अमुक स्तंभ कशावरून काढला होता, ही माहिती फाइलींत लिहिलेली नसते. ती त्या काळी टायपिंग, हिशेब आणि मसुदे करणाऱ्या लोकांच्या स्मरणात असते. त्यांतले बरेच जण आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. कार्यभार सोपवताना किल्ल्या, कपाटे आणि कागदी फाइली यांची यादी केली जाते, त्याच यादीत या माहितीसाठी एक पान ठेवावे, आणि जे आधीच निवृत्त झाले आहेत त्यांना या कामासाठी सन्मानाने बोलावून ते पान त्यांच्याकडून भरून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक